चीक आंबला नव्हता

रेवा, निहार,

आता जे लिहिणार आहे ते मी आजवर कुणाजवळही बोललेले नाही. तुमच्या आजोबांजवळ नाही, ते शेवटी दवाखान्यात होते तेव्हाही नाही. सख्ख्या बहिणीजवळ नाही. मनात वाक्य कितीदा जुळवलं — आणि दर वेळी कुकरची शिट्टी झाली, कुणी तरी दार वाजवलं, नाहीतर मीच उठून काही तरी आवरायला लागले. आवरण्यासारखं घरात नेहमी असतंच. माझं तर विचारूच नका. माझ्याकडे डब्यांची झाकणंसुद्धा ज्याची त्यालाच बसतात.

मराठीत लिहिते आहे. तुम्हाला वाचायला वेळ लागेल. लागू दे. इंग्रजीत मला हे भरभर लिहिता आलं असतं, आणि म्हणूनच नको. कारण पुढे कळेल.

आणि हे वाचून 'बिच्चारी आजी' असं म्हणायचं नाही. मी बिचारी नाही. तेव्हाही नव्हते. मी जे केलं त्यातलं अर्धं मी आजही करीन, उद्या सकाळी पुन्हा करीन, आणि कुणाला पटो न पटो, त्या अर्ध्याबद्दल मी एक अक्षरही मागे घेणार नाही. उरलेल्या अर्ध्याबद्दल हे लिहिणं आहे.

रेवा, सुरुवात तुझ्यापासून झाली. मागच्या फोनवर तू सांगितलंस की तुझे केक तिथल्या एका मोठ्या दुकानाने मागितले आहेत. शनिवारच्या बाजारातल्या टेबलापुरते नाही, रोजचे. आणि तू त्यांना नाही म्हणालीस. मला आनंदच झाला होता. म्हटलं, नात माझ्यावर गेली, आपल्याला पेलेल तेवढंच उचलते. मी विचारलं, का नाही म्हणालीस गं? आणि तू हसत हसत म्हणालीस, "आजी, माझा हात बाबांचा आहे ना. मोठं काही करायला गेले की आंबणार!"

मागे निहारही हसला. तुमची आई हसली. तुमचा बाबासुद्धा. मीही हसले. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले — नुसती. किती तरी वेळ.

तुमच्या घरातला तो विनोद तुम्ही जन्मापासून ऐकत आलात. मी पाठवलेल्या कुरडया तळायला घेतल्या की बाबा कढईपासून दोन पावलं लांब उभा राहतो आणि म्हणतो, "मी हात लावत नाही बाबा, माझ्या हाताने चीक आंबतो." दही लागलं नाही तरी तेच. गाडी बंद पडली तरी तेच. इतकं जुनं झालं की त्यात काही दुखणं असेल असं कुणाला वाटतच नाही. हो ना?

तो विनोद मी दिलेला आहे. आणि तो खोटा आहे.

थांबा. असं एकदम सांगून चालणार नाही. आधी धंद्याचं सांगते.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, नगरच्याच कॉलेजात. आता शहराला अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या जिभेवर नगरच आहे, चालवून घ्या. काही वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलं. मग सासूबाईंचं दुखणं आलं, शाळा सुटली, ती सुटलीच. वाळवणाचा धंदा मी कुणाला विचारून काढला नाही. उन्हाळ्यात घरच्या कुरडया करत होते, शेजारणीने मागितल्या, तिच्या जावेने मागितल्या, आणि पुढच्या चैत्रात बघते तर दारात पिशव्या घेऊन बायका. सासूबाई मूळच्या घोडेगावच्या, जनावरांच्या बाजाराजवळ वाढलेल्या, तोंडाने फटकळ. पलंगावर पडल्या पडल्या म्हणाल्या, "एवढं विंग्रजी शिकून शेवटी चीकच घोटायचा हुता व्हय?" आणि लगेच, "पर घोट. घोट. दावं मात्र आपल्या हातात ठीव. बैल इकायचा असू दे न्हाईतर कुरडई."

हे वाक्य मी मनावर घेतलं. जरा जास्तच घेतलं.

तुमचे आजोबा माझ्या धंद्याला 'गच्ची अँड कंपनी' म्हणायचे. कारखान्यातून आले की बूट काढता काढता विचारायचे, "काय मॅनेजिंग डायरेक्टर, आज ऊन कामावर आलं होतं का?" मी चिडायचे नाही. खरंच होतं ते. माझी कंपनी म्हणजे गच्चीच. पाडव्याला मी आणि कांताबाई वर जायचो, गच्ची झाडून धुऊन घ्यायचो आणि तिथंच बसून त्या उन्हाळ्याचं ठरवायचो. गच्चीवर जेवढ्या कुरडया एका वेळी वाळतील तेवढाच गहू भिजवायचा. त्या वाळल्या, उचलल्या, मग दुसरा गहू. दुसऱ्याची गच्ची घ्यायची नाही. ढग आले तर वाट बघायची. संध्याकाळी हात धुतले की धुतले. मृगाच्या आधी सोऱ्या घासून, तेलाचा हात लावून, फडक्यात बांधून माळ्यावर. त्यानंतर कुणी कितीही गोड बोललं, तरी पुढच्या वर्षी.

लोक हसायचे. धंदा कसा वाढवायचा हे सांगायला नगरमध्ये माणसं कमी नाहीत. ज्यांनी कधी धंदा केला नाही ती तर जास्तच सांगतात. "वहिनी, तुमच्यात महत्त्वाकांक्षा नाही." ऐकलं मी. पुष्कळदा ऐकलं. आता तुम्हाला सांगते — होती. एका गच्चीत जेवढं मावतं तेवढं उत्तम करायचं, त्यातली एकही कुरडई लाल पडू द्यायची नाही, आणि संध्याकाळी पाठ मोडलेली नसताना खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचायचं, ही माझी महत्त्वाकांक्षा होती. ती पूर्ण झाली. किती जणांची होते? मोठी स्वप्नं बघा म्हणून सांगणाऱ्यांच्या पाठी मी बघितल्यात. पट्टे लावून हिंडतात.

रेवा, धंदा किती करायचा हे ठरवताना कुणी तुला भित्री म्हणालं तर माझ्याकडे पाठव.

पण हे सगळं खरं असलं तरी मी यामागे लपते आहे. कळतंय मला. मुद्द्यावर येते.

कांताबाई कोण, हे तुम्हाला माहीत नाही. पाथर्डीकडची. लग्नाआधी आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची, फडावरच मोठी झाली. नवऱ्याला नगरला हमालीचं काम मिळालं आणि ती इथं आली. कुरडया घालण्यात तिचा हात असा की सोऱ्यातून पडली ती थेट गोल, सगळ्या एका मापाच्या. आणि तोंड त्याहून भारी. आम्ही दोघी आणि गर्दीच्या दिवसांत तिची एक नणंद, एवढीच माणसं.

आणि तुमचा बाबा. तेव्हा तो इंजिनीअर होऊन एमआयडीसीतल्या एका कंपनीत लागला होता आणि त्याचं मन तिथं नव्हतं. सकाळी कामावर जाण्याआधी गच्चीवर येऊन उभा राहायचा. आधी वाटलं आईला मदत. मग लक्षात आलं — तो मापं घेत होता. एक दिवस म्हणाला, "आई, ऊन पावसाळ्यात नसतं, हिवाळ्यात अर्धंच असतं. वाळवायचं यंत्र मिळतं. एक शेड भाड्याने घेऊ. बारा महिने कुरडई. मी नोकरी सोडतो." त्याचे डोळे असे चमकत होते की मला त्याच्या पहिल्या सायकलची आठवण झाली. मी म्हटलं, बघू.

मी नाही म्हणाले नाही. लक्षात ठेवा. 'बघू' म्हणाले. आपल्याकडे बायका नाही म्हणायचं असलं की बघू म्हणतात. पण तो पुरुष होता, मुलगा होता, त्याने बघू म्हणजे बघू असंच ऐकलं. चूक कुणाची?

त्याने पुण्याचा एक घाऊक खरेदीदार शोधला. मोठा. त्यांची दुकानं सगळीकडे. त्यांनी नमुना मागवला, आणि तुमच्या बाबाने हट्ट धरला — नमुना मी करणार. पहिल्यापासून शेवटपर्यंत. "तू हात लावायचा नाहीस आई. मला जमतं की नाही हे मलाच बघायचंय." त्याने रजा टाकली. गहू निवडला, भिजवला, रोज पाणी बदललं. कांताबाई जिन्यात बसून बघायची आणि म्हणायची, "दादा, गव्हाला आंगूळ घालताय का बारशाला नेताय? हळू वता की, रडंल त्ये." तो लाजायचा, पण हात थांबवायचा नाही. वाटला, चीक गाळला, रात्रभर बसू दिला, सकाळी वरचं पाणी ओतलं. घोटताना दंड भरून आले तरी मला पळी दिली नाही.

मी त्या गरम चिकाचा एक घास दुधाबरोबर खाल्ला.

काय सांगू तुम्हाला? गोड होता. स्वच्छ. आमच्या दोघींच्या हातचा असतो तसाच — नाही, जरा उजवाच. कुरडया वाळल्यावर मी एक तळली. कढईत पडताच पसरली, पांढरीशुभ्र, कुठे लाल ठिपका नाही. कांताबाईने मोडून तोंडात टाकली आणि म्हणाली, "घ्या बाई. आता आपली सुट्टी."

ती चेष्टेत म्हणाली होती.

नमुना पुण्याला गेला. काही दिवसांनी एका सकाळी घरातला फोन वाजला. तुमचा बाबा कंपनीत होता. पलीकडे एक मुलगी, आवाजात उत्साह. नमुना सगळ्यांना आवडला म्हणाली. कधीपासून सुरू करता? कागदपत्रं तुमच्या नावाने पाठवू का — कारण धंदा माझ्या नावावर होता. कांताबाई समोर जमिनीवर बसून लसूण सोलत होती.

मी इंग्रजीत बोलले.

ती मुलगी मराठी होती. मराठीत बोलत होती. मी इंग्रजीत उत्तर दिलं, शाळेत शिकवायचे तसल्या सुबक वाक्यांत. आभार मानले, आमच्याच्याने ही मागणी पूर्ण होणार नाही असं सांगितलं, आणि यापुढे काही कळवायचं असेल तर फक्त मलाच कळवावं, मुलाशी बोलू नये, असंही सांगितलं. कांताबाईने लसूण सोलता सोलता वर बघितलं आणि विचारलं, "कोन हुतं बाई?" मी म्हटलं, बँकेचा फोन. जी भाषा मला शिकता यावी म्हणून माझ्या वडिलांनी नातेवाइकांची बोलणी खाल्ली, ती मी समोर बसलेल्या बाईला कळू नये म्हणून वापरली. म्हणून हे मराठीत लिहिते आहे.

नाही म्हटलं, हा माझा गुन्हा नाही. पुन्हा सांगते. धंदा माझा होता, नाही म्हणायचा हक्क माझा होता. गुन्हा पुढे आहे.

मी स्वतःला अनेक वर्षं एक कारण सांगत आले. की मी बायकांसाठी नाही म्हटलं. बारा महिने, यंत्राच्या तालावर, पुण्याहून मागणी येईल तेवढं — बायकांचे हात मोडतील. पुण्याच्या खरेदीदाराने काही रक्कम आगाऊ देऊ केली होती, आणि कांताबाईच्या माहेरी मुकादमाची उचल घेऊन माणसं कशी हंगामभर फडाला बांधली जातात, हे मी तिच्याच तोंडून ऐकलं होतं. तसं व्हायला नको म्हणून मी हे केलं. किती छान वाटतं ऐकायला. नाही?

पण मी कांताबाईला विचारलं होतं. फोनच्या आधी, नमुना गेल्यावर, सहज म्हणून. ती काय म्हणाली माहीत आहे? "बारा म्हैने काम? बाई, लई बेस हुईल. पावसाळ्यात घरात बसून काय भिंती चाटायच्या?" तिला हवं होतं. माझ्या त्या थोर कारणाच्या मध्यभागी बसलेल्या बाईला ते काम हवं होतं.

मग खरं कारण काय?

दमणूक? होती. वय? फार नव्हतं. माल बिघडेल ही भीती? यंत्रावरची कुरडई बरी होते, मी खाल्ली आहे. यातलं प्रत्येक थोडं थोडं खरं आहे, आणि सगळं मिळूनही खरं नाही.

मला ते द्यायचं नव्हतं. बस. घर सासऱ्यांच्या नावावर होतं, मग तुमच्या आजोबांच्या. शाळा संस्थेची होती. ती गच्ची, तो सोऱ्या, पाडव्याला बसून 'यंदा इतकंच' असं म्हणणं — एवढी एकच गोष्ट अशी होती की जिच्यात माझा शब्द शेवटचा. आणि तुमचा बाबा ज्या सकाळी घोटायला उभा राहिला आणि चीक माझ्यापेक्षा चांगला झाला, त्या सकाळी मला दिसलं की शेडच्या दारावर नाव माझं असेल आणि आतून सगळं तो चालवेल. प्रेमाने चालवेल. मला खुर्ची देईल, चहा देईल, पाहुण्यांना सांगेल, हे सगळं आईचं. मला ती खुर्ची नको होती.

हे मी त्याला सांगू शकले असते. 'मिलिंद, मला मोठा धंदा नको. हा माझा आहे आणि मला एवढाच हवा.' किती शब्द झाले? पण आमच्या घरात 'नशिबात नव्हतं' हे कारण चालायचं, 'परवडत नाही' चालायचं, 'तब्येत बरी नाही' चालायचं. 'मला नको' हे एका बाईने म्हटलेलं कारण मी कधी चाललेलं बघितलं नव्हतं. पण मी तरी ते कधी चालवून बघितलं होतं? नव्हतं. हे कारण म्हणून सांगत नाही. कसं झालं ते सांगते आहे.

संध्याकाळी तो आला. बूटही न काढता विचारलं, "पुण्याचा फोन?"

मी म्हटलं, आला होता. नको म्हणाले.

"का?"

आणि इथं — इथं मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. त्यांनी कारण दिलं नाही, असं म्हटलं असतं तरी खोटं लहान राहिलं असतं. पण मी व्यवस्थित बाई आहे. मला अर्धवट काम आवडत नाही. मी म्हटलं, चीक आंबला होता म्हणाले. कुरडयांना आंबूस वास येतो म्हणाले.

तो वर गेला. थोड्या वेळाने उरलेल्या कुरडयांचा डबा घेऊन खाली आला. एक कुरडई नाकाशी धरली होती. म्हणाला, "आई, मला तर वास येत नाही."

मी ती हातात घेतली. हुंगली. आणि म्हणाले, "तुझ्या नाकाला सवय झाली असेल. येतोय थोडा."

एवढंच. हाच तो गुन्हा. मागणी नाकारली तो नाही — हा. त्याचं नाक बरोबर होतं, हात बरोबर होता, आणि मी त्याच्या समोर उभी राहून त्याचं नाक त्याच्याकडून काढून घेतलं. त्याने पुन्हा एकदा हुंगलं. मग मान हलवली. त्याला खरंच यायला लागला होता तो वास! माझ्यावर इतका विश्वास.

तो म्हणाला, मी फोन करून अजून एक संधी मागतो. मी म्हटलं, "एवढी लाचारी करू नकोस." मला माहीत होतं हा शब्द त्याला कुठे लागेल. नेमका तिथंच मारला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्याने कंपनीत मन घातलं, कंपनीने बाहेर पाठवलं, तिथून तो तुमच्या थंड गावात पोचला, तुमची आई भेटली, तुम्ही झालात. मी असं म्हणत नाही की शेड झाली असती तर तो नगरला राहिला असता. कदाचित धंदा बुडाला असता, कदाचित तरीही गेला असता. ते कुणालाच कळायचं नाही, आणि 'बघा, शेवटी चांगलंच झालं ना' असं म्हणून मी यातून सुटणार नाही. तुम्ही झालात हे चांगलं आहे. मी केलं ते चांगलं नव्हतं. या दोन गोष्टी मी एका तराजूत घालणार नाही, आणि तुम्हीही घालू नका. माझी एक मैत्रीण दर शनिवारी शिंगणापूरला तेल वाहून आली की मोकळी होते. मला तसलं मोकळं व्हायचं नाही. तेल तळायला वापरते मी.

त्यानंतर त्याने कधी चिकाला हात लावला नाही. सुट्टीत आला तरी गच्चीवर यायचा आणि कठड्याला टेकून बघत उभा राहायचा. आणि मग तो विनोद सुरू झाला. पहिल्यांदा त्याने तो केला तेव्हा कांताबाई म्हणाली, "काय बी बोलू नका दादा, चांगला झालता तुमचा चीक." मी तिच्याकडे बघितलं. ती गप्प झाली. पुढे कधी त्याबद्दल बोलली नाही. तिलाही मीच गप्प केलं.

मी एक गच्ची राखली. ती अजून आहे. कांताबाई थकली, तिची सून येते. पाडव्याला आम्ही अजूनही वर बसून ठरवतो, अजूनही एका गच्चीपुरतंच. मला त्याची लाज नाही. पण रेवा, मी 'इतकंच' ठरवलं होतं, कारण मला इतकंच हवं होतं. तू 'इतकंच' ठरवते आहेस, कारण तुला वाटतं तुझा हात वाईट आहे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. तुला रोजचे केक नको असतील तर नको म्हण, मान वर करून म्हण. हवे असतील तर घे. पण तुझ्या बाबाच्या हाताचं नाव पुढे करू नकोस. त्या हाताला काहीही झालेलं नाही.

इथवर लिहून मी थांबले होते. गेल्या गुरुवारची गोष्ट. कागद पाकिटात घालून चिकटवणार, तेवढ्यात जाणवलं की मी पुन्हा तेच करते आहे. त्याच्याबद्दलची गोष्ट त्याला सोडून बाकीच्यांना सांगते आहे. तेव्हा इंग्रजीच्या आड लपले होते, आता नातवंडांच्या.

मी फोन लावला. तिकडे सकाळ होती, तो कामावर निघायच्या बेतात. मी म्हटलं, बस जरा. आणि सांगितलं. जुळवलेली वाक्यं वापरली नाहीत. फोन आला होता, त्यांना माल हवा होता, मी नको म्हणाले आणि तुला खोटं सांगितलं.

मला तुमच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. मग तो म्हणाला, "म्हणजे त्यांना आवडला होता?"

"हो."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"आणि तुला? तू खाल्ला होतास ना आई, दुधाबरोबर?"

त्याला दूधसुद्धा आठवत होतं. मी म्हटलं, माझ्यापेक्षा चांगला झाला होता.

माझ्या मनात आलं, तो आता विनोद करेल. करू दे, म्हणजे सुटले. त्याने केला नाही. "बरं," म्हणाला. "मी निघतो." आणि ठेवला.

तो दर रविवारी फोन करतो. काल रविवार होता. मी दुपारी झोपले नाही, संध्याकाळी बाहेर गेले नाही. फोन आला नाही. मी लावलाही नाही. हे पाकीट आज टपालात टाकते आहे. तुमच्या हातात पडेपर्यंत त्याने केलेला असेल किंवा नसेल. त्याला करायला सांगू नका.

— आजी